कोयनाकाठची उभी चूल

कराडच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो. भुताखेतांची पुस्तकं सगळ्यात जास्त कोण नेतं, हे मला पाठ आहे — परीक्षेच्या आदल्या आठवड्यात फिजिक्सवाले. ती परत घेताना मी फक्त पानं फाटलीत का एवढंच बघायचो. अमावास्या मला कॅलेंडरवर छापलेली असते म्हणून माहीत. एक दिवस तू असल्या सदरात लिहिशील, असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याचं कार्ड जप्त केलं असतं.

तर घडलं ते असं.

माझा मेहुणा विलास सुभेदार म्हणून रिटायर झाला. कडेगावजवळ त्याचा ऊस आहे, पण ऊस आपला आपण वाढतो असं त्याचं मत असल्यानं त्याच्याकडे वेळ भरपूर. त्यातून त्याच्या डोक्यात कॅम्पिंग शिरलं. तंबू, फोल्डिंगच्या खुर्च्या, दिव्यांच्या माळा असलं शहरी काही नाही — अगदी साधं, नदीकाठचं. त्यासाठी त्यानं एक नियमावली छापून लॅमिनेट करून घेतली : ‘बॅक टू बेसिक्स — नवशिक्यांसाठी व अनुभवींसाठी’. एकूण बावीस नियम. साधेपणाला इतके नियम लागतात, हे मला तेव्हा कळलं. पुढं लोकांना कुटुंबासकट न्यायचा त्याचा बेत होता, पण त्याआधी एका नवशिक्यावर प्रयोग हवा होता. तो नवशिका मी.

जागा पाटणच्या अलीकडं, कोयनेच्या वळणावर. नदीला लागून आमच्या ओळखीच्या नामदेवचं शेत आहे, त्याच्या बांधावरून खाली उतरलं की वाळू आणि गवताचा एक पट्टा लागतो. नामदेवचं घर पलीकडच्या काठावर, थोडं वर. तिथून हा पट्टा स्पष्ट दिसतो, हे लक्षात ठेवा. दिवाळी होऊन तीनेक आठवडे झाले होते. आम्ही दुपारी तीनच्या सुमाराला पोचलो. सामान म्हणजे एक ताडपत्री, दोरी, एक पातेलं, दोन स्टीलचे मग आणि विलासचा सुभेदारी आवाज.

खाली उतरलो तर चूल मांडलेलीच होती. तीन काळे दगड, नीट बसवलेले, बाजूला सुकी काटकी रचून ठेवलेली. विलास खूष. नियम चौथा — आधीची चूल असेल तर तीच वापरावी, नवी जागा काळी करू नये. त्यानं जाळ केला आणि चहाचं पाणी ठेवलं.

तेवढ्यात वरून मेंढरं आली. आटपाडीकडचा एक म्हातारा मेंढका, दरवर्षीसारखा कळप घेऊन घाटाकडं निघालेला. मागं घोडीवर सगळा संसार, त्यावर दोन कोंबड्या आणि एक कोकरू. खरं कॅम्पिंग बघायचं तर हे, आणि याला कुणी लॅमिनेट केलेलं नाही, असं मी विलासला म्हणालो. त्याला ते आवडलं नाही.

म्हातारा तंबाखू मळत उभा राहिला. चुलीकडं बघून त्यानं विचारलं, “ही तुमी मांडली व्हय?”

विलास म्हणाला, “न्हाई बाबा, तयारच हुती. बरं झालं.”

म्हाताऱ्यानं तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाला, “आमी निघताना चूल मोडून जातो. उभी चूल म्हंजी माणसं अजून हितंच हायती. आपली आपण मोडायची. दुसऱ्याच्या चुलीवर रांधायचं न्हाई, आन दुसऱ्याची मोडायची बी न्हाई.”

“मग येऊ द्या की त्यास्नी. बसू मिळून,” विलास म्हणाला.

म्हातारा हसला नाही. कळप पट्ट्यावरून सरळ न नेता त्यानं वरच्या बांधानं लांबून नेला. अशा गोष्टींत इथं कुत्रं भुंकायला लागतं, हे मला माहीत आहे. त्याचं कुत्रं तसं काही भुंकलं नाही. चुलीपाशी येऊन ते थोडा वेळ पडून राहिलं आणि कळप गेल्यावर उठून गेलं.

चहा झाला. विलासनं मगानं मोजून दोन मग पाणी टाकलं होतं, माझ्यासमोर. दोन्ही मग काठोकाठ भरले, तरी पातेल्यात आणखी एक मगभर चहा होता. उकळल्यावर पाणी कमी होतं, वाढत नाही, एवढं विज्ञान लायब्ररीतही पोचलं होतं. मी म्हणालो, तू मोजायला चुकलास. तो म्हणाला, फौजी माणूस मोजमापात चुकत नाही. मी म्हणालो, चुकतो, फक्त कबूल करत नाही. नियम अकरावा — काही वाया घालवायचं नाही. तो तिसरा मग विलासनं पिऊन टाकला.

संध्याकाळी भात टाकला, तोही मोजून दोघांचा. आम्ही पोटभर जेवलो आणि पातेल्यात एका माणसाचा भात उरला. या वेळी मोजण्यावरून वाद झाला नाही. विलासनं तोही संपवला. खाताना त्यानं एकदा उजवीकडं सरकून जागा केली... का, ते मी विचारलं नाही. पातेल्याला खरवड लागली होती. त्यात पाणी ओतून ते तसंच ठेवलं.

रात्री काहीही झालं नाही. मला इतकी छान झोप घरीही लागत नाही.

सकाळी उठलो तर पातेलं राखेनं लख्ख घासून दगडावर पालथं घातलेलं होतं. मला वाटलं विलासनं घासलं, आणि मी मनात त्याचं कौतुकही केलं. नदीवरून तोंड धुऊन तो आला आणि म्हणाला, “दाजी, तुमी कशाला घासत बसलाय? मी केलं असतं की.”

तो मेंढका परत आला असेल, असं मी ठरवलं. चांगलं स्पष्टीकरण होतं. फक्त तो तोवर दोन गावं पुढं गेलेला होता.

निघताना माझी नजर चुलीवर गेली. लाथेनं तीन दगड पाडायचे, एवढंच काम. मी तसं हळूच सुचवलंही. विलास माझ्याकडं बघून म्हणाला, “दाजी, तुमीसुद्धा?”

त्या दोन शब्दांनी माझं तोंड बंद झालं. गणपतीला दूध पाजायला रांगा लागल्या तेव्हा त्यांची टर उडवणारा माणूस मी. तीन दगडांना घाबरलो असं मेहुण्यानं पाहुण्यारावळ्यांत सांगितलं असतं तर...? चूल तशीच उभी ठेवून आम्ही निघालो. आज विचार करतो तेव्हा वाटतं, भित्रा माणूस त्या दिवशी जास्त शहाण्यासारखा वागला असता.

आठवड्याभरात बायकोकडून, शालनकडून, कळलं की विलास जेवत नाही. ताटावर बसतो, दोन घास चिवडतो, म्हणतो पोट भरलंय. चिडचिड नाही, दुखणं नाही, ढेकर मात्र तृप्तीचा. पंधरा दिवसांत कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. कपड्यांना धुराचा वास येतो, असं त्याची बायको सांगत होती, आणि त्यांच्या घरी चूल नाही. सांगलीत दवाखान्यात ठेवला. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर अवघड आहे. कॉटवर तो पाठीचा कणा ताठ ठेवून बसलेला, आणि गळ्याची हाडं वर आलेली. मला बघून म्हणाला, “काय न्हाई दाजी, जेवूनच बसलोय.”

मी तिथंच असताना नामदेवचा फोन आला. दुपारचा एक वाजला होता.

“सर, सुभेदारसायेब परत आलेत की नदीवर. सांगायचं तरी. काल बी हुते. हाक मारली तर वर बगितलं न्हाई, जेवत हुते.”

मी विचारलं, किती जण आहेत?

“दोघं. दुसरं पाव्हणं पाठमोरं बसल्यालं हाय.”

मी त्याला सांगितलं की विलास माझ्यासमोर कॉटवर आहे, हाताला सलाईन आहे. मग नामदेव म्हणाला, “मग म्या गप बसतो, सर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शालनला दवाखान्यात बसवून मी एकटा पाटणला गेलो. कुणाला सांगितलं नाही... कारण अजूनही लाज वाटत होती. साडेबारा वाजले होते, लख्ख ऊन, नदी संथ. चूल जागच्या जागी. राखेला हात लावला तर कोमट. उन्हानंही राख तापते — हे मी मोठ्यानं म्हणालो, ऐकायला कुणी नसताना. चुलीजवळच्या वाळूत दोन माणसं रोज बसल्यावर पडतात तशा दोन बैठका पडल्या होत्या.

मी चूल मोडली. पहिले दोन दगड सहज निघाले, तिसरा जड होता. तिन्ही लोटत नेऊन पाण्यात सोडले. राख पायानं विस्कटली. मग बांधावर बसून शालनला फोन केला. ती रडत होती, पण वेगळं रडणं होतं. विलासनं आत्ताच भाकरी मागितली म्हणे, आणि वर ठेचा.

तो आता ठणठणीत आहे. पोटाचा विकार होता, औषध लागू पडलं, असं तो सांगतो. मी वाद घालत नाही. त्यानं नियमावली मात्र नव्यानं छापून घेतली आहे. तिच्यात तेविसावा नियम आहे : ‘निघताना चूल मोडणे’. लोकांना घेऊन तो आता दुसऱ्याच नदीला जातो.

इथं हे संपलं असतं, तर मी लिहिलंच नसतं.

म्हाताऱ्याच्या बोलण्यातला अर्धाच भाग मी ध्यानात ठेवला होता. उभी चूल म्हणजे माणसं तिथंच आहेत. बरोबर. मग मोडली म्हणजे ती निघाली. आणि निघाली म्हणजे कुठंतरी गेली असणार, एवढा साधा तर्क तीस वर्षं पुस्तकांत घालवलेल्या माणसाला सुचला नाही. दुसऱ्याची मोडायची न्हाई, असंही तो म्हणाला होता.

आमच्या घरी दोघांचा चहा होतो. गेल्या महिन्यापासून तो तीन कप होतो. मी स्वतः मोजून पाणी ठेवून बघितलं. रोज तीन. तिसरा कप मी ओट्यावर ठेवून द्यायचो. न प्यायचा, न ओतायचा. दुपारपर्यंत कप रिकामा, घासून पालथा घातलेला. शालन म्हणायची, मी नाही घासला. कपाच्या काठाला राख असायची. आमच्याकडं गॅस आहे.

तिला मी काही सांगितलं नव्हतं. उगाच घाबरेल म्हणून — हे कारण मी स्वतःला दिलं होतं. खरं कारण तेच, ‘दाजी, तुमीसुद्धा’.

परवा मी दूध आणायला खाली गेलो होतो. परत आलो तर ती ओट्याशी उभी राहून तो तिसरा कप पीत होती. माझा चेहरा बघून म्हणाली, “अहो, रोज वाया जातो. साखर घातलेला चहा कुणी ठेवून देतं का?”

या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. आटपाडीकडं त्या म्हाताऱ्याची चौकशी चालू आहे, पण कळप घाटाखाली गेलेत, ते पावसाच्या तोंडावर परततील. तोवर थांबायला वेळ आहे असं मला वाटत नाही. काल दुपारी शालननं आपलं ताट वाढून घेतलं नाही. पोट भरलंय म्हणाली.

चूल असती तर मोडली असती. आमच्या ओट्यावर दोन बर्नरची शेगडी आहे. काय मोडायचं असतं, हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला माहीत असेल, तर कळवा. हसायला माझी हरकत नाही.