तो कूलर लाइनदादांचा नव्हता

बकऱ्यांना थंड हवा देणाऱ्या कूलरची गोष्ट आमच्या गणेशपेठेतल्या कोणत्याही लग्नात निघते. जेवणं आटोपली, पान हातात आलं, की कोणीतरी म्हणतं, "सुधाकरभाऊ, तो लाइनदादाचा कूलर सांगा ना!" आणि मी सांगतो. बकऱ्यांचे आवाज काढून सांगतो. लोक डोळे पुसत हसतात. त्या गोष्टीतलं एक वाक्य मात्र मी इतकी वर्षं गाळत आलो आहे. लाइनदादा आता नाहीत. माझंही वय असं झालं आहे की ते वाक्य माझ्याबरोबरच निघून जायचं. म्हणून आज बकऱ्यांचे आवाज न काढता लिहितो. अर्थात बकऱ्या येतीलच, त्यांना माझा इलाज नाही.

लाइनदादा माणसाच्या हातात संत्रं देऊन त्याचं आयुष्य ठरवायचे. त्यांचं खरं नाव नामदेव, गाव नरखेडकडचं. तिथे त्यांच्या थोरल्या भावाची संत्र्याची बाग होती आणि हंगामात एसटीच्या टपावरून त्यांच्या नावाचं पोतं यायचं. दादा शेवंताकाकूंच्या अंगणाला लागून असलेल्या खोलीत भाड्याने राहायचे आणि दिवसभर समोरच्या सायकलच्या दुकानापुढे बाकड्यावर बसायचे. मॅट्रिक पास झालेला, नापास झालेला, कॉलेज सोडून आलेला, कोणीही पोरगा पुढ्यात आला, की दादा पोत्यातून एक संत्रं काढून त्याला देत. "सोल." एवढंच म्हणत. मग चष्मा वर सारून बघत बसत.

साल अखंड उतरवणारा टेलरिंगच्या लाइनला. फोडी मोजून आधी दुसऱ्यांना वाटणारा मास्तरकीला. सोलता सोलता समोरच्याच्या डोळ्यात रस उडवणारा पोलिसात. एका पोराने संत्रं सोललंच नाही, खिशात घातलं आणि विचारलं, "अजून एक आहे का?" दादा म्हणाले, "हा वकील होते." तो खरंच झाला. आमच्याकडे नोकरीधंद्याला लाइन म्हणतात. "काय बे, कोणती लाइन धरली?" हा दादांचा नमस्कार होता, म्हणून ते लाइनदादा.

माझी पाळी आली तेव्हा मी इतका बुजलो की दादांसमोर बिया कुठे थुंकाव्यात ते कळेना. सगळ्या गिळल्या. दादा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "हा गिळून घेते गा," ते सायकलवाल्याला म्हणाले. "याले मशीनची लाइन. मशीनसमोर कमी बोलनारा मानूस पायजे." मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. मी मोटार वाइंडिंग, म्हणजे जळक्या मोटारीत तांब्याची तार नव्याने भरणं, शिकायला जाऊ लागलो.

लाइन ठरली की दादांचा दुसरा हुकूम यायचा. "आता नमुना कर." त्यांचं म्हणणं असं, की कागद कोणीही दाखवेल, काम दाखव. ज्या लाइनला जायचं त्या लाइनची एक वस्तू आपल्या हाताने, पहिल्यापासून शेवटपर्यंत करायची आणि ती घेऊन मालकाच्या दारात उभं राहायचं. "सर्टिफिकेट पाहून मालक विचार करते. नमुना पाहून मालक खुर्ची देते." मिठाईच्या लाइनला गेलेल्या एका पोराने परातीएवढी जिलबी केली. ती मालकापर्यंत नेता नेता वाटेत आम्हीच संपवली. केशकर्तनाच्या लाइनला गेलेल्या पोराकडे नमुन्यासाठी डोकं नव्हतं, तर दादांनी स्वतःचं दिलं. त्याने डावीकडे मिलिटरी कट केला आणि उजवीकडे त्या काळच्या हिरोसारखे केस कानावर ठेवले. दादा तसेच त्याच्याबरोबर दुकानोदुकानी फिरले. डावीकडून येणारे त्यांना हवालदारसाहेब म्हणत आणि उजवीकडून येणारे हसत. पोराला नोकरी लागली. मग दादांनी टक्कल केलं.

सगळ्या मोहल्ल्याला लाइनला लावणाऱ्या या माणसाला स्वतःची लाइन नव्हती. विम्याचा एजंट, होमिओपॅथीच्या दवाखान्यात कंपाउंडर, बाजाच्या पेटीची दुरुस्ती, सगळं करून झालं होतं. चाळिशी आली होती. गावाहून भाऊ आला, की बाकड्याजवळ उभा राहून म्हणायचा, "नामदेव, लोकायचं झालं असन तर आता तुह्यं काही पाय ना गा. नाही तर चाल घरी, बाग पाह्याले मानूस नाही." दादा हसायचे. मी एकदा आगाऊपणाने विचारलं, "दादा, तुमी सोताचं संत्रं सोलून नाही पाह्यलं का?" ते म्हणाले, "सोललं ना. सोलता सोलता दुसऱ्याच्याच हाताकडे ध्यान जाते."

आणि मग आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांची लाइन चालत आली. शहरातले एक कूलरवाले, त्यांना सगळे भैयाजी म्हणत, आपल्या वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर टेक्निकल क्लास काढणार होते. कोणत्या पोराने कोणतं काम शिकावं हे सांगायला त्यांना एक माणूस हवा होता. टेबल, खुर्ची, पंखा आणि महिन्याचा पगार. दादांचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. भैयाजी म्हणाले, "दादा, बातें बहुत सुनी. तुमच्या हाताखालून गेलेला एक पोरगा दाखवा आणि त्याचं काम दाखवा. फिर पक्का."

दादा धावत माझ्याकडे आले. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "सुध्या, कूलर बनव. तुहा नमुना तो कूलर, आन् माहा नमुना तू."

मी जीव लावून कूलर बनवला, हे मला इथे सांगू द्या. जुन्या पत्र्याची पेटी, तीन बाजूंना खसचे, म्हणजे वाळ्याचे पडदे, खाली टाकी, पाणी वर चढवायला छोटा पंप. मोटार एका जुन्या एग्झॉस्ट पंख्याची, जळकी. ती मी स्वतः भरली. दादा रोज येऊन बघायचे आणि भैयाजींना काय काय सांगायचं त्याची तालीम करायचे. भैयाजी यायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, "चालवून पाह्यला का गा?" मी म्हटलं, "दुपारी पाहतो." दुपारी मी मॅटिनीला गेलो. टॉकीज एअरकूल्ड होती आणि बाहेर मे महिना होता. संध्याकाळी दादांनी पुन्हा विचारलं. "चालवला?" मी म्हटलं, "एकदम फर्स्ट क्लास."

दुसऱ्या दिवशी दुपारी भैयाजी आले. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, घामाने न्हालेले. दादांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कूलर दादांच्या खोलीच्या खिडकीबाहेर, अंगणात स्टूलावर, तोंड खोलीत. अंगणात शेवंताकाकूंनी खाटेवर कुरड्या वाळत घातल्या होत्या आणि त्यांच्या दोन बकऱ्या भिंतीच्या बोटभर सावलीला जीव मुठीत धरून उभ्या होत्या.

मी बटण दाबलं. पंखा जोरात फिरला. आवाज तर असा दमदार की भैयाजी खूश होऊन मान हलवू लागले. हवा काही येईना. दादा म्हणाले, "पडदे वले होऊ द्या जरासक." पडदे ओले झाले. हवा येईना. भैयाजी उठून कूलरच्या तोंडाशी गेले, हात धरला, मग गाल धरला. तेवढ्यात त्यांच्या दुपट्ट्याचं टोक सुटून जाळीला जे चिकटलं ते सुटेना. "अरे, ये तो मुझे खींच रहा है!" ते ओरडले.

त्याच वेळी अंगणातून शेवंताकाकूंचा आवाज आला. "कोन मेला पानी मारून राहिला गा? माह्या कुरड्या भिजल्या ना!"

आम्ही बाहेर धावलो. मोटारीच्या वायरी मी उलट जोडल्या होत्या. पंखा उलटा फिरत होता. खोलीतली होती नव्हती ती हवा ओढून, ओल्या खसमधून काढून, थंडगार करून तो अंगणात सोडत होता, वर तुषारही उडवत होता. बकऱ्या कूलरच्या पाठीला येऊन बसल्या होत्या. डोळे मिटलेले, कान हवेत हलत होते. मोठी बकरी तर अशी बसली होती, जणू तिच्यासाठीच हे सगळं केलं आहे.

भैयाजी जाळीतून ओढून सोडवलेला फाटका दुपट्टा सावरत बाहेर आले आणि म्हणाले, "ये जोडणी कोणी सांगितली?"

आता ते वाक्य. लग्नात मी सांगतो, की दादा पुढे झाले आणि म्हणाले, "मी सांगतली." तसं झालं नाही. आधी मी बोललो. मी म्हणालो, "दादांनी सांगितली तशीच केली."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. संत्रं सोलणाऱ्याकडे बघायचे तसंच, चष्मा वर सारून. मग भैयाजींकडे वळून म्हणाले, "हो जी. मीच म्हटलं होतं."

भैयाजी इतके हसले की त्यांना कुरड्यांच्या खाटेवर बसावं लागलं, त्यावरून काकूंनी त्यांनाही ऐकवलं. तिथे बसल्यावर त्यांना थंड हवा लागली, मग ते उठेचनात. मोटारीवरून हात फिरवत म्हणाले, "वाइंडिंग मात्र साफ आहे. पोरगा हाताचा चांगला आहे. सोमवारी ये वर्कशॉपला." आणि दादांना म्हणाले, "आप रहने दो, दादा. आप बकरियों को ही लाइन दिखाओ."

भैयाजींचं हे बोलणं संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्यात पोचलं. दुसऱ्या दिवसापासून बाकड्यासमोरून जाणारी पोरं बें बें करायची. कोणी संत्रं सोलायला थांबेना. मोसमही नव्हता म्हणा. महिन्याभरात भाऊ आला आणि दादांची पेटी एसटीवर चढली. मी पेटी उचलायला गेलो होतो. सगळे गेल्यावर बोलू, असं ठरवून गेलो होतो. गाडी सुरू झाल्यावर दादा खिडकीतून म्हणाले, "सुध्या, वायर पाहून लावत जा बरं." बाकी काही नाही. मी मान हलवली.

भैयाजींकडे माझी लाइन लागली ती लागलीच. पुढे हुडकेश्वरच्या रस्त्याला माझं स्वतःचं वर्कशॉप झालं. नवा पोरगा कामाला आला, की मी म्हणतो, नमुना दाखव. हे कोणाकडून शिकलो ते सांगत नाही, कारण त्यापाठोपाठ बकऱ्या येतात.

काही वर्षांनी मी माझ्या हाताने एक कूलर बनवला, दहा वेळा चालवून पाहिला आणि एसटीच्या टपावर टाकून दादांच्या गावी गेलो. दादा बागेतल्या घरी राहत होते. केस पांढरे, सदरा तोच इस्त्रीचा. मी कूलर खिडकीला बसवला. बटण दाबल्याबरोबर दादा घरातून उठले, बाहेर कूलरच्या मागे गेले आणि हात धरून उभे राहिले. "इकडून नाही येऊन राहिली ना बा?" ते ओरडले. मग आत येऊन खाटेवर बसले आणि एकेका पोराची लाइन विचारू लागले. वकिलाचं कसं चाललं? कटिंगवाल्याने दुकान टाकलं का? सगळ्यांची नावं त्यांना पाठ होती. विचारता विचारता त्यांनी माझ्या हातात हंगामातलं शेवटचं संत्रं दिलं.

मी सोललं. खाल्लं. बिया जिभेवर होत्या. एसटीत पाठ केलेलं सगळं आठवलं. मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी ते मी..."

कूलर घरघरत होता. दादांनी कानामागे हात धरला. "काय म्हनतं?"

मी बिया गिळल्या.

"टाकीत पाणी भरत राहा म्हटलं," मी म्हणालो.

"भरीन ना गा," दादा म्हणाले.