भाकरी थापणारे हात

शेतमालक अप्पा आईशी बोललेच नाहीत. आई समोरच, पाइपलाइनच्या कॅम्पातल्या मेसमध्ये बसून भाकरी थापत होती. ते इंजिनियर साहेबांना हिंदीत म्हणाले, गावातली पोरंही आता मेसमध्ये जेवतात, हिच्या हातचं त्यांना चालत नाही. साहेब माझ्याकडे वळले. इंग्रजीत म्हणाले, "उद्यापासून तिला भांडी घासायला बसव. तुझीच आई आहे. गोड बोलून सांग."

मी त्यांची दुभाषी. गॅसची पाइपलाइन चिटगुप्प्याकडून आमच्या शिवारात आली, तेव्हा इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून मला घेतलं. गावात खोल्यांची भाडी वाढली, टपऱ्यांची हॉटेलं झाली. आमच्या बौद्ध वस्तीला मिळालं ते एवढंच. माझं बोलणं आणि आईची भाकर. परराज्यातले वेल्डर तिला "अम्मा" म्हणत, तव्यावरची गरम मागून घेत.

आईला हिंदी कळते. आमच्याकडे कुणाला कळत नाही? तरी तिनं मलाच विचारलं, "काय म्हणायलेत गं?"

मी आयुष्यभर हळू बोलत आले. त्या दिवशी गोड शब्द सापडेना.

"आपण बौद्ध हाव म्हणून तुझ्या हातची भाकर नको म्हणायलेत, आई."

तवा तापत होता. आईनं हाताचं पीठ झटकलं.

"अप्पा, सुगीपासून तुमीबी इथंच जेवायलाव की. तवा कामून न्हाई बोललाव?"

अप्पांनी तोंड साहेबांकडे वळवलं. मी आईचा प्रश्न इंग्रजीत सांगितला. जसाच्या तसा. साहेब म्हणाले, "हा तुमच्या गावचा मामला. पाइप यांच्या शेतातून न्यायचाय. काम थांबायला नको."

आई उठली. परातीतलं पीठ तिथंच राहिलं. मी तिच्यामागं निघाले. वाटेत ती एकदाच बोलली, "वेल्डर पोरं उपाशी ऱ्हातील गं."

आता कॅम्प गेलाय. भाड्याच्या खोल्यांना कुलपं आहेत. गॅस जमिनीखालून दूरच्या शहरांना जातो. आई तुराट्या जाळून स्वयंपाक करते. थापता थापता मध्येच थांबते, हातांकडे बघत बसते.

परवा कोळारहून नव्या ठेकेदाराचा फोन आला. दुसरी लाइन टाकायचीय, दुभाषी पाहिजे.

"येईन, पण मेस आमच्या वस्तीत लागेल," मी म्हटलं. "भाकरी आई करील. ज्याला चालत न्हाई त्यानं घरून डबा आणावा."

"असं कसं जमंल, अक्का? गाव काम थांबवंल की."

"थांबू द्या."

फोन मीच ठेवला. पुन्हा आला तरी हेच सांगेन. माझ्या तोंडून माझ्या आईला चुलीपुढून उठवायचं काम आता कुणालाही मिळणार नाही.