उत्तरेची बाजू

दसरा उलटला की जयपूरच्या हवेला एक कोरडा, किंचित कडसर गंध येऊ लागतो. गळलेल्या निंबाच्या पानांचा, उकरून उन्हात पसरलेल्या रेताड मातीचा आणि कुठल्यातरी अंगणात पेटलेल्या पहिल्या शेकोटीच्या धुराचा तो गंध मागचं दार उघडताच अंगावर येई, आणि मी हातातला चहा तसाच घेऊन परसात उतरत असे. उन्हाळाभर भाजून निघालेली आणि तिथल्या तुटपुंज्या पावसाने जेमतेम सावरलेली ती जमीन शरदात माणसात यायची. बागेचं वर्ष चैत्रात सुरू होतं अशी माझी समजूत होती. जयपूरला आल्यावर कळलं की तिथे ते आश्विनात सुरू होतं.

दुर्गापुऱ्यातल्या भाड्याच्या घरात आम्ही तळमजल्यावर राहत होतो. माझे यजमान विमा कंपनीत, शहराच्या सी-स्कीम भागातल्या कार्यालयात. मुलगी केतकी स्कूटरवरून जगतपुऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजला जायची आणि घरी आली की निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलायची. मी मूळची नागपूरची, त्यामुळे थंडी काय असते ते मला कुणी शिकवू नये अशी माझी घमेंड होती. शिवाय कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी जाऊन खोदत बसायची खोड. परस मिळालं तेव्हा या खोडीला आयतंच खुरपं मिळालं, असं घरातले म्हणत.

दोन हजार सालानंतरचीच ती वर्षं. त्यातल्या एका आश्विनात माझे सासरे आमच्याकडे आले. रत्नागिरीकडच्या गावात हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेले नाना. आदल्या श्रावणात माई, म्हणजे माझ्या सासूबाई, अचानक गेल्या होत्या, आणि समुद्रालगतच्या त्या घरात नाना एकटे उरले होते. हृदयाचं दुखणं जुनं, शेजार लांब. त्यांनी आता आमच्याकडेच राहावं असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं, आणि त्यांनी आल्या आल्या सामान खाली ठेवण्याआधीच सांगून टाकलं होतं की होळी झाली की मी जाणार. परतीचं तिकीट वेळेवर काढून ठेवा, एवढंच त्यांचं मागणं. ते तिकीट यथावकाश आलं आणि कपाटाच्या खणात जाऊन बसलं. त्याविषयी कुणी बोलत नसे आणि कुणी विसरतही नसे.

त्यांच्याबरोबर तेलाच्या एका कापलेल्या डब्यात अबोलीचं झाड आलं होतं. माईंच्या अंगणातलं. आगगाडीत सबंध प्रवासभर ते डबा पायांशी धरून बसले होते म्हणे, आणि पाणी प्यायच्या आधी झाडाला पाजत होते. माईंच्या अंबाड्यावर मी अबोलीच्या वेणीशिवाय दुसरं फूल क्वचितच पाहिलं. वास नाही, तोरा नाही, नुसता तो फिकट केशरी रंग. सकाळी माळलेली वेणी संध्याकाळीही तशीच टवटवीत. डब्यातलं ते झाड नानांनी परसाच्या मधल्या वाफ्यात लावलं, भोवती आळं केलं, आणि मग किती दिवस तरी ते त्याच्यासमोर खुर्ची टाकून नुसते बसून असत.

त्यांना त्या खुर्चीतून उठवलं ते बागेतल्या कामांनी. शरदात परस स्वस्थ बसूच देत नाही. माती उकरायची, उन्हात तापवायची, त्यात शेणखत मुरवायचं, वाफे बांधायचे. मेथी, पालक, मुळा, गाजर थोडंथोडं पेरायचं, गुलाबाची छाटणी करून त्याच्या मुळांना चार दिवस हवा खाऊ द्यायची, शेवंतीचे शेंडे खुडायचे. नाना आधी खुर्चीतून सूचना करीत, मग उभे राहून करू लागले, मग एके सकाळी मी बाहेर आले तर ते धोतर खोचून मेथीचा वाफा विंचरत होते. प्रत्येक गोष्ट ते गावाकडच्या मापाने मोजत. इथे दव एवढं कमी कसं, माती पाणी धरत का नाही, निंबाची पानं आत्ताच का गळतात, असे प्रश्न ते मला विचारीत आणि मला उत्तर आलं नाही की त्यांना मनापासून आनंद होई. आमच्या दोघांच्या खोडी जुळल्या होत्या.

थंडीचा मात्र त्यांना अनुभव नव्हता. आमच्याकडे वर्षातून एकच संकट येतं आणि तेही सांगून येतं, असं ते पावसाबद्दल म्हणत. शेजारच्या चौहानजींनी कुंपणापलीकडून सांगितलं की पौषात इथे पहाटेचं दव गोठतं, नाजूक झाडं करपून जातात; गवताच्या तट्ट्यांनी झाकून घ्या, आणि कडाक्याची रात्र दिसली की संध्याकाळी भरपूर पाणी द्या, ओली माती ऊब धरते. एवढं सांगून ते बिकानेरला मुलीकडे निघून गेले. नानांनी हातगाडीवरून तट्ट्या आणल्या आणि कुणालाही हात लावू न देता अबोलीवर खोपटं उभारलं. चार बांबू, वर उतरतं छप्पर, काथ्याच्या पक्क्या गाठी. दर वैशाखात, पावसाआधी, पडवीला नारळाचे झाप बांधणारे ते हात त्या दिवशी पहिल्यांदा सुखी दिसले. पश्चिम आणि दक्षिण त्यांनी दुहेरी तट्ट्या लावून अशी बंद केली की बोटही शिरू नये. पूर्व मोकळी ठेवली, कोवळ्या उन्हासाठी म्हणाले. उत्तरही मोकळीच राहिली. तिच्याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

मग ती संध्याकाळ आली. आकाश निरभ्र, वारा बोचरा, दिवस मावळताच नळाचं पाणी बोटांना डसू लागलेलं. नानांनी झारीने अबोलीला न्हाऊ घातलं, माती चिंब केली, आणि तेवढ्यात खोपट्यातून तडतड असा बारीक आवाज येऊ लागला. फुलं झडून वाळलेली अबोलीची कणसं ओली झाली होती आणि एकेक बोंड फुटून बी उडवत होतं. त्यातलं काही तट्ट्यांवर आपटून खाली पडलं, काही मोकळ्या बाजूने बाहेर निसटलं. केतकी धावत आली आणि म्हणाली, "आजोबा, मतलब हे फटाके आहेत?" नाना हसले. आमच्याकडे आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. माई गावातल्या पोरांना गोळा करून वाळल्या कणसांवर पाणी शिंपडायची आणि स्वतःच पोरांहून जास्त हसायची, असं ते सांगत राहिले, अंधार पडेपर्यंत.

सकाळी मेथीवर साखर पेरल्यासारखं पांढरं दव बसलं होतं आणि मेथी खुशाल होती. अबोली काळी पडली होती. पानं उकडल्यासारखी लोंबत होती, देठ मऊ झाले होते, आणि हात लावला की ओला लगदा बोटांना लागत होता. नाना उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, आता हे होळीपर्यंतही थांबणार नाहीत. नाश्त्याच्या वेळी त्यांनी मुलाला विचारलंही, की तिकीट अलीकडच्या तारखेचं मिळेल का. यजमानांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता बघतो म्हटलं. मी एकच पोळी पुन्हा पुन्हा लाटत राहिले.

पण भूगोलाचा मास्तर असा सुटत नसतो. त्याच संध्याकाळी नानांनी माझ्याकडे स्टीलच्या ताटल्या मागितल्या, त्यांत पाणी घातलं आणि परसात ठिकठिकाणी मांडून ठेवल्या: भिंतीलगत, वाफ्यात, खोपट्याच्या आत, बाहेर. एका काठीला जुन्या धोतराची चिंधीही बांधली. उजाडताच आम्ही दोघं शाली गुंडाळून बाहेर पडलो. घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीशी ठेवलेल्या ताटलीत पाणी होतं, पाण्यासारखं पाणी. खोपट्याच्या उत्तरेकडच्या ताटलीवर मात्र बर्फाची पातळ काच धरली होती, आणि काठीवरची चिंधी दक्षिणेकडे ओढ घेत फडफडत होती. नानांनी नखाने कड सोडवून ती काच तळहातावर घेतली. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने जन्मात पहिल्यांदा आभाळाखाली धरलेला बर्फ पाहिला होता. तो वितळेपर्यंत ते हलले नाहीत.

मग ते चिंधीकडे पाहत म्हणाले, "अगो, वर्गात मी पावसाळ्यातले आणि हिवाळ्यातले दोन्ही वारे शिकवले. पण आमच्याकडे जे यायचं ते समुद्राकडून. हातांना दुसरी दिशाच ठाऊक नाही."

मी म्हटलं, चौहानजी असते तर त्यांनी पाहिलं असतं. नानांनी मान हलवली.

"तुझ्या सासूचंही हेच झालं. सगळ्यांचं लक्ष माझ्या छातीकडे. माझंसुद्धा. तिच्या बाजूला कुणी बघितलंच नाही, आणि ती काही बोलायची नाही."

तळहातावरचं पाणी त्यांनी धोतराला पुसलं. मला रडू आवरेना, म्हणून मी ताटल्या गोळा करायला लागले.

त्या दिवशी दुपारी नानांनी खोपट्याच्या गाठी सोडल्या आणि ते पुन्हा बांधलं, या वेळी उत्तर आणि पश्चिम बंद करून, आग्नेयेकडे तोंड ठेवून. आत काळं पडलेलं झाड तसंच होतं. मेलेल्या झाडासाठी एवढा खटाटोप कशाला, हे त्यांना विचारावं असं माझ्या जिभेवर कितीदा आलं. खोदून विचारणारी मी, पण ते एक विचारलं नाही. तिकिटाची तारीख काही बदलली नाही. पौष सरला, गाजरं निघाली, शेवंती विटली, गुलाबांनी मनावर घेतलं. दुर्गापुऱ्याच्या कडेच्या शेतांवर मोहरी पिवळीधमक झाली आणि उन्हाची धार हळूहळू परत आली.

होळीला थोडे दिवस उरले तेव्हा नाना परस आवरायला लागले. पाहुणा निघण्यापूर्वी अंथरुणाची घडी घालून ठेवतो तसं त्यांचं चाललं होतं. खोपटं सोडलं. अबोलीचं वाळलेलं खोड धरून ओढलं तर ते सहज हातात आलं. मुळांत जीव नव्हता. ते त्यांनी निंबाखाली नेऊन ठेवलं आणि हात धुतले. वाफ्याच्या उत्तरेला विटांची बुटकी कड होती. तिच्याशी दिवसभर ऊन साचायचं आणि गुलाबांच्या आळ्यातलं पाणी झिरपत तिथवर यायचं. ती कड साफ करायचं काम मी घेतलं होतं. विटांलगत बारीकबारीक तण उगवलं होतं, त्यात मी खुरपं घातलं.

नाना म्हणाले, "थांब."

ते शेजारी येऊन बसले, गुडघे कुरकुरले. दोन-दोन पानांची, गडद, तुकतुकीत, काठाला किंचित मुरड घातलेली रोपं होती ती, विटांच्या कडेने ओळीने उभी असल्यासारखी. वाफ्यात जिथे झाड होतं तिथे एकही नव्हतं. पश्चिमेला आणि दक्षिणेला त्या संध्याकाळी दुहेरी तट्ट्या होत्या. अबोलीचं बी उडालं होतं ते मोकळ्या राहिलेल्या बाजूंनी; पूर्वेचं कोरड्या मातीत राहिलं, उत्तरेचं इथे आलं. जिथून वारा आत शिरला होता तिथूनच ते बाहेर पडलं होतं, आणि सगळी थंडी त्याने विटांच्या उबेत मातीखाली काढली होती. मी हे मनातल्या मनात जुळवत होते तोवर नानांनी माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि बोटांनीच एकेका रोपाभोवतीचं खरं तण उपटायला सुरुवात केली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

मान वर न करता त्यांनी विचारलं, "इथे थंडी कधी पडायला लागते म्हणालीस?"

त्यांना ते माझ्याहून चांगलं माहीत होतं. मी सांगितलं, दिवाळीनंतर. त्यांनी मान डोलावली, आणि सोडलेल्या तट्ट्या उन्हात वाळवून, नीट गुंडाळून माळ्यावर ठेवायला सांगितल्या; उंदीर लागणार नाहीत अशा, म्हणाले. तिकीट अजून कपाटाच्या खणात होतं. मी तट्ट्या उचलल्या, आणि आत जाता जाता, का कोण जाणे, उत्तरेकडे पाहिलं.