'सेट'च्या कार्डांवरची आद्याक्षरं

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. गजानन वानखेडे गेले त्याला दीड महिना झाला. शोकसभेत मी दहा मिनिटं बोललो, तेव्हाही टाळलीच. आता माझाच मला वैताग आलाय, म्हणून लिहितो.

सदाशिव पेठेत मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांच्या एका कोशाच्या कचेरीत मी संपादक होतो, ते अमरावतीहून आलेले सहायक. 'सेट' हा शब्द त्यांच्या वाट्याला आला आणि ते त्यात चार वर्षं अडकले. दागिन्यांचा सेट, नाटकाचा सेट, टेनिसचा सेट, दही सेट झालं, मुलगा सेट झाला... मार्केट यार्डात कुणी "गाडी सेट कर" म्हणालं, तर तिथंच उभं राहून तो वापर कार्डावर टिपायचे. मी टोमणा मारायचो, "वानखेडे, कोश छापायचाय की इथंच निवृत्त व्हायचंय?"

"सर, हा एक शब्द नाही जी, दोन आहेत," ते म्हणायचे. "ठेवणं या अर्थाचं क्रियापद जुन्या इंग्रजीतलं. संच या अर्थाचं नाम लॅटिनमधलं, फ्रेंचमार्गे आलेलं. नंतर दोघं एकमेकांत मिसळले." बैठकीत मी त्यांना हसलो. घरी जाऊन पडताळलं, तर त्यांचंच बरोबर होतं.

आमच्याकडे नोंद रचणाऱ्याची आद्याक्षरं कार्डाच्या कोपऱ्यात असत. त्यावरून प्रस्तावनेत श्रेय दिलं जाई. वानखेड्यांचं अक्षर छापखान्यात कुणाला लागत नसे, म्हणून 'सेट'ची पक्की प्रत मी नव्या कार्डांवर उतरवली आणि सवयीनं कोपऱ्यात माझी आद्याक्षरं घातली. प्रस्तावनेची मुद्रितं तपासताना 'सेट'पुढे माझं नाव दिसलं, तेव्हा ते लक्षात आलं. एक काट मारायची होती... मारली नाही. परीक्षणांत नेमकी तीच नोंद गाजली. माझं अभिनंदन करायला वानखेडे स्वतः पेढे घेऊन आले.

शोकसभेनंतर त्यांची मुलगी म्हणाली, "काका, बाबा सगळ्यांना सांगायचे, सेट सरांनी लिहिला, मी नुसती कार्डं जमवली." मी मान डोलावली. तेव्हासुद्धा मान डोलावली!

गेल्या दिवाळीत मुद्दाम खराडीला त्यांच्याकडे गेलो होतो. रिक्षात वाक्य दोनदा घोकलं. मग चहा झाला, गुडघेदुखी झाली, मेट्रो झाली. लिफ्टपर्यंत सोडायला आले आणि दार हातानं अडवून म्हणाले, "सर, काही बोलायचं होतं का?"

"छे हो," मी म्हणालो, "सहज आलो होतो."