डावऱ्या हाताची खूण

नानाकाका गेले त्याला पाच आठवडे झाले. फोन आला तेव्हा मी पेणला कॉलेजात फॉर्म भरायच्या रांगेत होते. रडू आलंच, पण खरं सांगायचं तर... आधी डोळ्यांसमोर आला तो त्यांचा रोह्यातला चेहरा. म्हणून तेच लिहिते.

नानाकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, गडबचे लोहार. डावखुरे. उजव्या हाताची सवय लागावी म्हणून आजोबांनी त्यांना पुष्कळ मारलं, पण हात काही बदलला नाही. गिऱ्हाइकं त्यांना 'डावरा' म्हणायची आणि कोयता बोथट झाला की "डावऱ्याचं काम, आनखी काय" म्हणून हसायची. काकाही हसायचे, पण मग ऐरणीवरचे घाव जरा जोरात पडायचे.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. गेल्या वर्षी इतिहासाच्या प्रकल्पाला मी रोह्याजवळच्या उत्खननात सापडलेली तलवार घेतली, हजारेक वर्षांपूर्वीची. मुठीजवळ पात्यावर तीन तिरप्या खाचा होत्या. सरांना ते अक्षर वाटलं आणि मी त्यावर चार पानं लिहूनही टाकली. घरी तिचा फोटो बघत बसले होते, तेव्हा काका शेजारी येऊन वाकले.

"अक्षर नाय गो ते. लोहाराची खूण हाय. हत्यार धारेला परत आलं की आपलंच हाय, ते कळाया नको?" मग फोटो फिरवून फिरवून पाहिला. "आनि ह्यो डावरा व्हता."

हातोडी डाव्या हातात असली की छिन्नीचा घाव उलट्या अंगाला खोल बसतो, म्हणाले, आणि एका लोखंडी पट्टीवर तीन घाव मारून दाखवले. हुबेहूब तसेच.

मला पटलं. पण सरांना सांगायचं कसं? चार पानं फुकट जाणार होती, ते एक. दुसरं लिहायला लाज वाटते... पुरावा काय विचारलं, तर सगळ्या वर्गासमोर 'माझे काका, लोहार आहेत' म्हणावं लागणार होतं. दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी सांगितलं. सर हसले नाहीत. तलवार रोह्यालाच ठेवली आहे, त्यांना तिथे घेऊन ये, म्हणाले.

काका इस्त्रीचा शर्ट घालून रोह्याला आले. तलवार धरायला हातमोजे दिले, तर म्हणाले, लग्नात पण एवढं सजवलं नव्हतं. सरांनी भिंगातून तलवारीवरच्या खाचा आणि काकांची पट्टी ताडून पाहिली. सिद्ध झालं असं म्हणता येणार नाही, पण आम्हाला हे सुचलंच नसतं, असं ते म्हणाले. काकांचं लक्षच नव्हतं. ते तलवार घडवणाऱ्या त्या लोहाराशीच हळूच बोलत होते.

"तुला पन बापानं मारला असंल ना रे?"

आणि असे हसले, की मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

चार पानं मी फाडली. नवी लिहिली आणि संदर्भांच्या यादीत पुस्तकांच्या खाली त्यांचं नाव घातलं, पुढे 'लोहार, गडब'. काकांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "पुस्तकवाल्यांच्या वर नाय का घेता येत?"

प्रकल्प आता कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. परवा जाऊन शेवटचं पान उघडलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून पेन्सिलीने एक बाण काढला आणि काकांना सगळ्यांच्या वर नेऊन ठेवलं.