मयतीतला सोंगाड्या

भुजंग बोलायला लागला की माणसं आधीच हसायच्या तयारीत बसायची. तो नुसतं 'पाणी द्या' म्हणाला तरी एखादी बाई पदर तोंडाला लावायची. उंच, हडकुळा, रंगानं काळा, नाक मोठं. दिवसा तो बोरीच्या बाजारात आडतीवर पोती शिवायचा आणि जयंतीचे दिवस आले की जलशाबरोबर गावोगाव फिरायचा. जलशात तो सोंगाड्या होता.

त्याच्यासमोर उभा राहायचा सूर्यभान. सूर्यभानचा आवाज जड, चेहरा दगडासारखा. तो कधी पाटील व्हायचा, कधी सावकार, कधी देवऋषी. लोकांना हसवायचा भुजंग, पण भुजंगचं बोलणं हसण्याजोगं करायचा सूर्यभान, हे भुजंगला पक्कं ठाऊक होतं.

त्यांचा एक वग फार चालला. लबाड देवऋषी अंगावर पांढरी चादर ओढून मेल्याचं सोंग घेतो, म्हणजे गावानं भुताला भिऊन कोंबडी आणून द्यावी. भुजंग थरथरत येतो, चादरीवर वाकतो आणि विचारतो, "महाराज, मेलात का झोपलात?" मग सगळीकडं शांत. सूर्यभान थांबायचा. किती थांबायचं हे त्यालाच कळायचं. आणि लोकांचा श्वास अडकला की चादरीखालून उत्तर यायचं, "मेलोय. कोंबडी ठिव अन् जा."

छप्पन साली आमच्या लोकांनी बुद्धाचा धर्म घेतला, देव्हारे उचलून गोदावरीत सोडले. पण भीती काही देव्हाऱ्याबरोबर वाहून गेली नाही. ती हसवून काढावी म्हणून हा वग होता.

वग आधी सूर्यभानच्या अंगणात व्हायचा, त्याच्या बायकोसमोर. कमलबाई निवडायचं सूप मांडीवर घेऊन बसायची आणि सहजी हसायची नाही.

"न्हाई जमलं, भावजी," ती म्हणायची. "तुमी लय लवकर वाकलात. पुन्यांदा करा."

"वैनी, कंबर मोडली माझी."

"मोडू द्या. लोकं काय तुमची कंबर बघायला येत न्हाईत."

भुजंग पुन्हा वाकायचा, पुन्हा विचारायचा. कमलबाई हसली की वग बसला म्हणायचं. ती हसेपर्यंत थांबायचं नाही, ही सवयच झाली होती.

एकाहत्तर साली थायलंडचे एक भन्ते परभणीला आले. इथल्या काही माणसांना तिकडं नेऊन श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, करावं, विनयाचे नियम शिकवावेत, असा त्यांचा विचार होता. भुजंगची बायको पहिल्या बाळंतपणातच गेली होती, मागं कुणी नव्हतं. त्यानं नाव दिलं.

"भिक्खू? हा?" सूर्यभान म्हणाला. "अरं, ध्यानाला बसलेली माणसं हसून लोळतील."

पण तिकडं भुजंगला कुणी हसलं नाही. हसले ते वेगळ्याच गोष्टींना. विहार भातशेतांच्या मधोमध होता. पहिल्याच आठवड्यात तो पिंडपाताला, म्हणजे भिक्षेला, जाताना बांधावरून घसरला, भिक्षापात्रासकट चिखलात बसला. रस्त्यावरची माणसं हसली, हसतच धावत आली, हसतच त्यांनी त्याला उठवलं. एका म्हातारीनं त्याचं तोंड पुसलं आणि पुसता पुसता ती पुन्हा हसली. मग त्यांनी त्यांच्या भाषेत त्याचं नावच काळ्या ठेवलं. लहानथोर सगळे त्या नावानं हाक मारायचे, त्याच्या नाकाकडं बोट दाखवायचे, आणि त्याच्या हातावर आंबे ठेवायचे.

रात्री त्याला झोप येईना. भन्तेंना हिंदी थोडी यायची, त्यांना त्यानं त्या नावाचं सांगितलं. ते म्हणाले, "आपला माणूस असला की आम्ही असंच बोलतो. परक्याला नाही बोलत."

"आमच्या गावात," भुजंग म्हणाला, "आमच्या रंगाला हसणारे आम्हाला आपलं म्हणत नव्हते."

दुसऱ्या दिवसापासून भन्ते त्याला नावानं हाक मारायला लागले. बाकीचे काळ्याच म्हणत राहिले, आणि तो ओ देत राहिला.

मग गावातला एक जण वारला. प्रेत पेटीत घालून विहाराच्या आवारात ठेवलं. पेटीला फुलं, रंगीत दिव्यांच्या माळा. तीन दिवस लोक येत होते, जेवत होते, पत्ते खेळत होते. ज्या घरात मयत झालं त्या घराला तिकडं 'चांगलं घर' म्हणतात, असं भन्तेंनी सांगितलं. भुजंगला वाटलं, आपल्याला भाषा नीट कळली नसेल.

शेवटच्या संध्याकाळी भिक्खूंचा परित्तपाठ म्हणून झाला. भिक्खू उठून मागं पाणी प्यायला गेले आणि पुढं सोंगाडे आले. दोघं जण, तोंडाला पांढरी पावडर, एकाच्या हातात पत्र्याचं ताट. बोलणं संपलं की तो दुसऱ्याच्या डोक्यात ताट हाणायचा आणि तेवढ्यात ढोल वाजायचा. लोक हसत होते. श्रामणेरानं असलं काही बघू नये, पण भुजंगची मान आपोआप वळली. ताटवाला पेटीपाशी गेला. पेटीवर टकटक करून त्यानं काहीतरी विचारलं आणि कान लावला. सगळीकडं शांत. मग मागून ढोल वाजला, धप्प. पेटीतल्या माणसानं उत्तर दिलं होतं. लोक लोळायला लागले. पेटीशेजारी बसलेली त्या माणसाची बायको दोन्ही हात तोंडावर दाबून हसत होती.

भुजंगनं मनातल्या मनात मोजलं होतं. ती थांबायची जागा अगदी बरोबर होती, सूर्यभानच्या मापाची. आणि त्याला हसू आलं नाही. सगळ्या आवारात न हसलेला तो एकटा होता. नंतर कितीतरी दिवस भिक्षेला जाताना, भांडी घासताना, तो ढोल त्याच्या पाठीमागं वाजायचा आणि तो वळून बघायचा.

चौऱ्याहत्तर साली तो परत आला आणि त्यानं अंगावरचं भगवं चीवर उतरवलं. तिकडं माणसं वर्षा-दोन वर्षांसाठी चीवर घेतात, पुन्हा संसारात येतात, त्यात कमीपणा नसतो. बोरीत मात्र बाया विचारायच्या, "काय भावजी, चीवर किरायानं आणलं हुतं का?" तो मान खाली घालून पोती शिवायचा. त्या मयतीची गोष्ट त्यानं एकट्या सूर्यभानला सांगितली.

सूर्यभाननं सगळं ऐकून घेतलं. "ती बाई हसली, बरूबर?"

"हसली."

"मग रडली का?"

भुजंगला सांगता येईना. त्यानं तेव्हा नजर फिरवली होती.

"तेच बघायचं हुतं, येड्या," सूर्यभान म्हणाला. "अर्धंच बघून आलास." थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, "त्यांच्यात घरच्यांनीच सोंगाडे बोलावले असतील. त्यांना मुभा हाय. आपल्यात मयतीला हसायची मुभा कोण देणार?"

दोन वर्षांनी सूर्यभानला कावीळ झाली. झाडपाला झाला, परभणीचा दवाखाना झाला. उन्हाळा तोंडावर असताना एका पहाटे तो गेला.

अंगणात त्याला निजवलं, वर पांढरी चादर घातली. थोरला भाऊ दत्तराव गंगाखेडला असायचा. त्याची गाडी येईपर्यंत थांबायचं ठरलं. ऊन चढत गेलं. बाया रडून रडून दमल्या. कमलबाई भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे, ओठ मिटलेले. पाणी तोंडाशी नेलं तर ते हनुवटीवरून खाली आलं.

चांगुणाबाई शेजारीण. तिनं कमलबाईच्या पाठीत धपाटे घातले, गळ्यात पडून हेल काढले. काही होईना.

"रडंना का गं ही," ती बाहेर येऊन म्हणाली. "अशी राहिली तर येडी हुईल. माझी नणंद अशीच बसली हुती. उठलीच न्हाई पुन्हा. आरं, कुणीतरी हिला हलवा."

सूर्यभानचा बाप आश्रुबा डोक्याला हात लावून बसला होता. त्यानं वर बघितलं नाही.

भुजंग लिंबाखाली उभा होता. तो कमलबाईकडं बघत होता. ती चादरीकडं बघत होती. त्या मिटलेल्या तोंडाकडं बघून त्याला काय आठवलं असेल ते कोण सांगणार. तिकडची बाई दोन्ही हात तोंडावर दाबून हसली होती, तिच्यातलं काहीतरी सुटलं असेल, एवढंच त्यानं मनात धरून ठेवलेलं होतं. तो पुढं आला. गुडघे थरथरवत, मान पुढं काढत, जलशात यायचा तसाच.

बायांचं रडणं थांबलं.

भुजंग चादरीवर वाकला. फार लवकर नाही वाकला. "महाराज," तो म्हणाला, "मेलात का झोपलात?"

कुणी श्वास घेतला नाही. त्या अंगणात असं एक माणूस नव्हतं ज्याला पुढचं वाक्य पाठ नव्हतं. लिंबावरचा कावळा उडाला. ढोल घेऊन मागं उभं राहणारं कुणी बोरीत नव्हतं, आणि भुजंगला ते त्या क्षणी कळलं. तो वाकलेलाच राहिला.

आणि कमलबाई हसली. मोठ्यानं, घसा फाडून. एकदा सुरू झालं ते थांबेना. ती हसत होती आणि सगळ्यांना वाटत होतं आता याचं रडणं होईल, आता होईल. झालं नाही. चांगुणाबाईनं तिच्या तोंडावर पदर दाबला तरी आतून हसण्याचा आवाज येतच राहिला.

तेवढ्यात दत्तराव गल्लीच्या तोंडाशी आला. भावाच्या मढ्यापाशी सोंगाड्या वाकलाय आणि भावजय हसतीय, एवढंच त्यानं बघितलं. त्यानं भुजंगला गचांडी धरून बाहेर ढकललं. भुजंग पडला तेव्हा कुणीच हसलं नाही.

मयतीवरून लोक घरी गेले आणि बोलणं सुरू झालं. नवऱ्याच्या मढ्यावर हसली. सोंगाड्यानं हसवलं अन् ही हसली. मग काहीजणांना जुनं जुनं आठवायला लागलं, की जलशाची तालीम तिच्याच अंगणात व्हायची, आणि हसायला ती एकटी असायची. सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाला सगळे जमले तोवर दत्तरावनं ठरवून टाकलं होतं. कमलबाईला वालूरला माहेरी पाठवायचं. तिचे कपडे ट्रंकेत भरून दारात आणले होते.

वंदना झाली. दत्तराव उठला. "जमलेल्या माणसांसमोर बोलतो," तो म्हणाला. "ह्या बाईला आमच्या घरात ठिवायचं का न्हाई, ते तुमीच सांगा. गावात तोंड दाखवायची सोय उरली न्हाई."

भुजंग दाराबाहेर बसला होता. तो उठून म्हणाला, "दत्तराव, दोष माझा हाय. तिकडं असं करत्यात, म्हणून—"

"तिकडं! तिकडचं इथं आणायला तू कोण? तू बस खाली."

"तिला विचारा की आधी," चांगुणाबाई म्हणाली. "तिच्याबद्दल चाललंय अन् तिलाच कुणी इचारंना."

सगळ्यांनी कमलबाईकडं बघितलं. सात दिवसांत ती कुणाशी एक अक्षर बोलली नव्हती. तिनं पदर सारखा केला.

"भावजींनी बरूबर इचारलं," ती म्हणाली. आवाज खरखरीत झाला होता. "जागा बरूबर होती. मग ह्यांची पाळी होती. मी वाट बघितली. हे थांबले. लय थांबले. इतकं कधी थांबले नव्हते. मला वाटलं, आज लोकांना लय हसवणार."

चादरीखालचं उत्तर प्रत्येकाच्या तोंडात होतं. म्हातारा आश्रुबा भिंतीशी बसला होता, त्याचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले. मग कमलबाईच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, आवाज न करता, अंगणात पाणी शिंपडल्यावर माती हळूहळू काळी होत जाते तसं. कुणी तिला हात लावला नाही.

आश्रुबा काठी टेकत उठला. ट्रंकेपाशी गेला आणि पायानं ती आत सरकवली.

"सून कुठं जायची न्हाई," तो म्हणाला. "दत्तू, तुझी गाडी चुकंल. नीघ."

कमलबाई राहिली. शेतात जाते, सासऱ्याचं करते. तिच्याबद्दलचं बोलणं हळूहळू विरलं. आपल्याही घरात कधीतरी मयत होईल, या विचारानं कदाचित. जलसा पुन्हा उभा करायचं तरुणांनी दोनदा मनावर घेतलं. भुजंगनं नाही म्हटलं नाही, पण तालमीला आला नाही. दुसरा कुणी सोंगाड्या झाला, त्याला लोक हसतात.

संध्याकाळी आडत बंद झाली की भुजंग आश्रुबाच्या ओट्यावर येऊन बसतो. कुणी काही बोलत नाही. परगावच्या माणसाला वाटावं, या दोघांचं भांडण झालंय.

आत कमलबाई भाकरी थापत असते. कधीतरी, महिना-दोन महिन्यांतून एखाद्या दिवशी, मध्येच थापण्याचा आवाज बंद होतो. घर थांबतं. मग ती हसते. एकदाच, मोठ्यानं. गल्लीतून जाणारी माणसं आता ते ऐकून काही म्हणत नाहीत, नुसता पाय उचलतात. ओट्यावरची दोघं मान वर करत नाहीत.

भाकरी थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला की आश्रुबा म्हणतो, "जा आता, भुजंगा." आणि भुजंग उठून घरी जातो.