मेली की राहिली

केनवडच्या शाळेत अंजनाबाई नावाच्या मास्तरीण आहेत. विज्ञान शिकवतात. पोरं त्यांना मागून 'पुण्याच्या बाई' म्हणतात, आणि बाईंनी पुणं नकाशात सोडून कुठं पाहिलेलं नाही. नाव पडलं ते त्यांच्या बोलण्यावरून. आमच्याकडे माणूस येत असला की 'येऊन राह्यला', जेवत असला की 'जेवून राह्यला'. बाईंच्या वर्गात हे चालत नाही. कुणी 'बाई, मी लिहून राह्यलो' म्हणालं की त्या म्हणतात, "लिहितो आहे, असं म्हण." एकदा एका पोरानं विचारलंही, "बाई, राह्यलो म्हटल्यानं काय होते?" बाई फळा पुसायला वळल्या.

त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. अंजना माझी मावसबहीण. तिच्या आईचं, म्हणजे गंगूमावशीचं दुखणं काढायला मी त्यांच्या घरी जाऊन राहिले होते. गावात मला तोंडाळ म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. तरी ही गोष्ट मी पाच वर्षं पोटात ठेवली. परवा बाजारात शाळेतल्याच एका मास्तरानं चारचौघांत अंजनाला शिष्ट म्हटलं. आपली बोली बोलायला लाजते म्हणे. तेव्हा माझं डोकं फिरलं.

साल चौऱ्याहत्तर. पुंजाजी मावसा, म्हणजे अंजनाचा बाप, दुसऱ्याच्या वावरात सालानं राबत होता. अंजना वाशीमच्या कॉलेजातून इंटर सायन्स पास झालेली. आमच्या बौद्धवाड्यातली एवढी शिकलेली ती पहिलीच पोरगी, त्यामुळे जो तो तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवायचा आणि चिडवताना त्याचीच छाती फुगायची. सरकारी मेडिकल कॉलेजाच्या यादीत तिचं नाव थोडक्यात हुकलं. मग लांबच्या एका संस्थेच्या कॉलेजाचं बोलावणं आलं. कॉलेजाचं नाव मी घेणार नाही. तिथं मार्कांबरोबर मुलाखतही धरत.

इकडं मावशीच्या पोटात पाणी भरलेलं. हातपाय काडीसारखे, पोट मात्र रांजणाएवढं. रिसोडच्या डॉक्टरनं मावसाला बाजूला नेऊन सांगितलं होतं की आता घरीच ठेवा. ते मावसाला कळलं, मला कळलं, अंजनालाही कळलं. पण घरात तो शब्द कुणी काढत नव्हतं. कुणी विचारायला आलं की आम्ही म्हणायचो, "बिमार हाय." मावशीही म्हणायची, "पोरगी डॉक्टर झाली का मंग तिलेच दाखवीन पोट. दुसऱ्याले कायले दाखवू?" डॉक्टर व्हायला किती वर्षं लागतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मुलाखतीला मावसा सोबत गेला. एसटीनं वाशीम, तिथून छोट्या लाईनीच्या गाडीनं अकोला, आणि पुढं मोठ्या गाडीनं. कॉलेजाच्या व्हरांड्यात बाकं मांडलेली. आतून कुणी बाहेर आलं की बाकीची पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायची, काय विचारलं, काय विचारलं. एक म्हणाला हाताची हाडं विचारली. एक मुलगी म्हणाली, हॉबी विचारली. अंजनाला हॉबी म्हणजे काय ते कळलं नाही, आणि कुणाला विचारायची लाज वाटली. एका मुलीचे वडील स्वतःच डॉक्टर होते. ते आतल्या साहेबांना नावानं हाका मारत ये-जा करत होते. शेजारी बसलेल्या मुलानं अंजनाचं आडनाव विचारलं, ऐकलं आणि हसून म्हणाला, "मग तुमचं काय, तुमची सीट पक्कीच." मी असते तर त्याला तिथंच धुतला असता. मावसा आत जाणार नव्हता, तरी त्यानं दारापाशी चपला काढून ठेवल्या आणि शिपायाच्या स्टुलाजवळ उकिडवा बसला.

आत लांब टेबलामागं पाच जण होते. बेडकाच्या हृदयाचे कप्पे किती, रक्त गोठतं कशानं, असलं सगळं इंग्रजीत विचारलं. अंजनानं सावकाश, पण नीट उत्तरं दिली. एकानं मान डोलावली. मग शेवटचा प्रश्न आला: डॉक्टर का व्हायचं आहे?

हा प्रश्न येणारच, असं तिच्या कॉलेजातल्या दौलतराव सरांनी सांगून ठेवलं होतं. गरिबांची सेवा, देशाची प्रगती अशी तीन वाक्यं इंग्रजीत लिहून देऊन त्यांनी ती तिच्याकडून घोटून घेतली होती. तिनं पहिलं वाक्य सुरू केलं, तेवढ्यात मधले म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाळ, हे पाठ केलेलं उत्तर सकाळपासून सगळे देताहेत. घाबरू नकोस. मराठीत सांग. तुझ्या मनातलं सांग."

अंजना म्हणते, त्यांचा आवाज इतका मायेचा होता की तिचे डोळेच भरून आले. घर सोडल्यापासून तिच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. आणि ती पाठ केलेलं सोडून मनातलं बोलली. जो शब्द आम्ही घरात इतके दिवस दातांखाली धरून ठेवला होता, तो तिनं पाच परक्या माणसांपुढं काढला.

"माही माय मरून राह्यली जी," ती म्हणाली.

ते गृहस्थ तिकडचे, पुण्या-मुंबईकडचे. त्यांनी भुवया वर केल्या. "मरून राहिली? म्हणजे मेली की राहिली?"

पाचही जण हसले. अंजना सांगते, त्यांच्या मनात वाईट नव्हतं, ते शब्दाला हसले. सांगो बापडी. मला विचाराल तर पोरीच्या डोळ्यांत पाणी दिसत असताना शब्दाला हसणारा माणूस डॉक्टर असला काय आणि कसाई असला काय. तिला अजून पुष्कळ सांगायचं होतं. पोटात पाणी कशानं भरतं ते शिकायचंय, कुणाच्या आईला पुन्हा असं घरी ठेवायला लागू नये, असं सगळं. पण आपण काय चुकीचं बोललो हेच तिला कळेना. मेली म्हणावं तर माय जिवंत होती. राहिली म्हणावं तर तेही खोटं होतं. ती टेबलाच्या कडेकडं बघत उभी राहिली. मग टेबलावरची घंटा वाजली आणि शिपायानं पुढचं नाव पुकारलं.

सीट मिळाली नाही, आणि मावशी त्या वर्षीच्या पोळ्याच्या आधी गेली, हे इथंच सांगून टाकते. त्या एका वाक्यामुळं सीट गेली की ती जायचीच होती, देव जाणे. अंजनानं मात्र ते वाक्यच धरून ठेवलं. त्या दिवसापासून तिच्या तोंडून 'राह्यलं' आलेलं नाही. त्याला कुणाला शिष्टपणा म्हणायचं असेल तर त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं.

पण माझ्या जिवाला जे लागलं ते वेगळंच आहे. बापलेक परत आले तेव्हा मी मावशीला ज्वारीच्या पातळ कण्या पाजत होते. व्हरांड्यातलं आणि आतलं मला अंजनानं पुढं सांगितलं. त्या वेळी मला फक्त तिचा चेहरा दिसला. मावशीनं वाटी बाजूला सारली आणि लेकीला जवळ बसवलं.

"काय इचारलं त्यायनं?"

"तुह्याबद्दल इचारलं, माय," अंजना म्हणाली.

मावशीच्या तोंडावर एकदम उजेड आला. एवढ्या मोठ्या साहेबांनी आपल्याबद्दल विचारावं! "मंग? तू काय सांगतलं?"

अंजनानं माझ्याकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. "बिमार हाय म्हून सांगतलं."

"येडी हायेस तू," मावशी म्हणाली. तिला बोलायला धाप लागत होती, पण आवाज लाडाचाच होता. "बिमार तं साऱ्याच्याच माया असतात. मरून राह्यली म्हून सांगाचं ना. त्यायले दया आली असती."

मावसा उंबऱ्यावर बसला होता. तो उठला आणि पाठ फिरवून अंगणात जाऊन उभा राहिला. आम्ही सगळे जे तिच्यापासून लपवत होतो ते तिला ठाऊक होतं, आणि ते लेकीच्या उपयोगी पडावं एवढंच तिचं म्हणणं होतं.

"चुकलंच, माय," अंजना म्हणाली.

"असू दे," मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "पुढच्या बारीनं तसंच सांगजो."